गरम पंपाची उंची

"तेव्हाच बोलला का नाहीत, चाचा?"

यासीन मुजावर भंगाराच्या शेडमध्ये बसून जुने बोल्ट निवडत होते. चांगले एका डब्यात, आटे झिजलेले दुसऱ्यात.

"बोललो होतो."

शिवलीला मगदूम त्यांच्यासमोर उभी होती. मेकॅनिकलची पदवी, विद्यापीठात दुसरा नंबर. सूत रंगवायच्या या कारखान्यात तिला लागून परवा एक वर्ष झालं. बॉयलर हाऊस तिच्याकडे होतं.

"काय बोलला होता?"

"म्हटलं, मॅडम, गरम झाल्यावर बघा."

तिला आठवलं. ती तेव्हा हसली होती.

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बॉयलरला कढत पाणी देणारा पंप बंद करून, तो गार झाल्यावर तिने त्याला उंचीतला फरक मोजणारी डायल लावली. पंपाचा शाफ्ट आणि त्याला फिरवणाऱ्या मोटरचा शाफ्ट एका रेषेत असायला हवेत. मोटर पाव मिलिमीटर वर निघाली. यासीनचाचांनी मोटरच्या पायांखाली पातळ पितळी पत्र्या सरकवून ठेवल्या होत्या. शिवलीलाने त्या काढायला लावल्या. डायलचा काटा शून्यावर आला.

मग तिने अहवाल लिहिला. 'फिटरचा निष्काळजीपणा.'

चौदा वर्षं तो पंप सांभाळणारा माणूस त्या तीन ओळींवर भंगारात आला.

पंप मात्र त्यानंतर टिकेना. पाणी अडवणारं सील चार वेळा गेलं. चारही वेळा तिने पंप गार होऊ दिला, डायल लावली, शून्य आणलं, आणि नव्या फिटरला झापलं. पाचव्या वेळी सील फुटलं तेव्हा ऑपरेटर श्रीपती शेजारीच उभा होता. कढत पाणी त्याच्या हातावर आलं.

त्याला दवाखान्यात पाठवून ती परत आली आणि पंप गार व्हायची वाट न बघता डायल लावून बसली. पंप वर उचलला गेला होता. लोखंड तापलं की वाढतं, हे ती शाळेत शिकली होती. चाचांनी मोटर आधीच वर ठेवली होती ती त्याचसाठी.

"श्रीपतीचा हात कसाय?" चाचांनी विचारलं.

"कोपरापर्यंत सोललाय. बोटं हलतात. आत्ता तिकडूनच आले."

"काय म्हणाला?"

"माझ्याशी बोलला नाही."

"हं..."

चाचांनी एक बोल्ट उजेडात धरून फिरवून बघितला आणि झिजलेल्यांत टाकला.

"मी साहेबांना लिहून दिलंय, चूक माझी होती म्हणून," ती म्हणाली. "आजपासून तुम्ही परत पंपावर."

चाचा उठले नाहीत.

"चाचा, रागवा तरी."

"अकरा महिने रागातच होतो."

"मग?"

"एकदा बोललो. तुम्ही हसला. मी गप्प बसलो." त्यांनी हातातला बोल्ट खाली ठेवला. "पंपाचा आवाज इथवर येतो, मॅडम. सील जाणार, हे मला दोन दिवस आधी कळायचं. प्रत्येक वेळी."

शिवलीलाने बॉयलर हाऊसकडे बघितलं.

"पाचव्या वेळीही कळलं होतं."

शिवलीला आली होती माफी मागायला. आता दोघंही खालीच बघत होते.

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चला."

बॉयलर हाऊसमध्ये दुरुस्त केलेला पंप गार पडला होता. नव्या फिटरने चाचांना बघितलं आणि बाजूला होऊन जागा दिली. चाचांनी पंपाच्या अंगावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"मी ठरवलंय," शिवलीला म्हणाली. "इथून पुढे प्रत्येक पंपाची मोटर वर ठेवायची. तसा नियम लिहून भिंतीवर लावते."

"विहिरीवरच्या पंपाचीसुद्धा?"

"हो, सगळ्या—"

ती थांबली. विहिरीवरचा पंप गार पाणी ओढायचा. तो तापतच नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "त्याची नाही."

चाचांनी हत्यारांच्या पेटीतून पितळी पत्र्यांचं पुडकं काढलं. वर्षभर कोणी हात लावला नव्हता. एकेक पत्री अंगठ्याने चाचपत त्यांनी चार सारख्या जाडीच्या बाजूला काढल्या.

"पाव मिलिमीटर," ते म्हणाले. "आमच्या उस्तादांनी सांगितलेलं. मी तेच ठेवत आलो. तुम्ही गरम असताना मोजलं, ते किती आलं?"

शिवलीलाने नव्या फिटरकडे बघितलं.

"चाचा, असू दे. पावच ठेवू."

"किती आलं?"

"...मिलिमीटरचे शंभरात एकतीस भाग."

"म्हणजे माझ्या पावावर सहा जास्त."

"हो. पण तुमच्या हाताखाली पंप चौदा वर्षं चालला—"

"वर्षाला एक सील जायचंच," चाचा म्हणाले. "मी म्हणायचो, जुना पंप आहे, जाणारच."

नवा फिटर ऐकत होता. चाचांनी त्याला तिथून जायला सांगितलं नाही. त्यांनी पुडक्यातून आणखी चार पत्र्या काढल्या, केसाएवढ्या पातळ, आणि पहिल्या चारांवर एकेक ठेवली.

"दोनदा मोजलंत?"

"तीनदा."

"कोणाच्या समोर?"

"एकटीच होते."

चाचांनी मान हलवली. मग मोठा पाना उचलला, फडक्याने पुसला. शिवलीला डायल लावून नेहमीसारखी तिच्यापुढे उकिडवी बसू लागली, तशी त्यांनी तिला हाताने थांबवलं. पाना तिच्या हातात दिला.

तो तिला वाटला होता त्यापेक्षा जड होता.

खिशातला चष्मा काढून चाचा स्वतः डायलसमोर बसले. आकडे बारीक होते. ते आणखी पुढे वाकले.

"बोल्ट तुम्ही सोडवा. काटा कसा वाचायचा, तेवढं मला सांगा."