बावीस कुलपांचा पंचनामा

वडजाईच्या नगरपालिकेविरुद्ध कोणी तक्रार केली, की मुख्याधिकारी रणपिसे ती अशी काही निकालात काढत, की तक्रारदारच ओशाळून घरी जाई. पण कुंभारआळीच्या गोदाबाई हिवाळे हटल्या नाहीत. चार महिने नळाला थेंब नाही, म्हणून त्यांनी थेट लोकपाल सुशीलाबाई रेगे यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. सुशीलाबाईंनीही ठरवलं, सोक्षमोक्ष लावल्याशिवाय उठायचं नाही.

सुनावणीला रणपिसे ऐटीत आले आणि त्यांनी आपल्या सहीचा पंचनामा पुढे सरकवला.

"मॅडम, आळीला रोज सहा ते सात पाणी सोडतो. मी स्वतः तीन दिवस पहाटे बरोबर सहाला पाहणीला गेलो. बावीसच्या बावीस घरांना कुलूप! घरी थांबायची ज्यांची तयारी नाही, त्यांची कसली तक्रार?"

गोदाबाई उसळल्या. सुशीलाबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"साहेब, तुमच्या घरी पाणी कधी येतं?"

"साडेपाचला."

"तेव्हा घरी कोण असतं?"

"सगळेच की!" रणपिसे हसले. "पाण्याच्या वेळेला घर सोडून कोण जाईल?"

"मग पाण्याच्या वेळेला अख्खी आळी कुलूप लावून कुठे गेली होती?"

रणपिसेंचं हसू मावळलं.

"मळ्यातल्या विहिरीवर," गोदाबाई म्हणाल्या. "लहानथोर सगळे, हंडे घेऊन."

सुशीलाबाईंनी तो पंचनामा गोदाबाईंच्याच अर्जाला टाचला आणि निकाल लिहिला: "तक्रार खरी. साक्षीदार, मुख्याधिकारी स्वतः."