स्लो सायकल, पण मोटारींची

आमच्या गल्लीतल्या रावजी मिस्त्रींचं डोकं त्या सकाळी असं तापलं होतं, की त्यावर चहा उकळला असता. "रोज बाजारातून जाणाऱ्या गाडीला इंजिनात शर्यतीचा कॅमशाफ्ट घालू नका, तो फक्त सुसाट वेगात ताकद देतो, हळू चालवली की गाडी गचके खाते," असं त्यांनी नगरसेवक धैर्यशीलरावांना दहादा सांगितलं होतं. तरी धैर्यशीलरावांनी तो पुण्याहून बसवून आणला आणि मिस्त्रींच्या गॅरेजात गिऱ्हाइकांसमोर गरजले, "तुला इंजिनातलं काय कळतं रे? लाव शर्यत! हरलास तर गॅरेजची पाटी उतरव."

पंचवीस वर्षांची पाटी! मिस्त्रींनी हातातला पाना आपटला. "लावतो. शाळेत स्लो सायकल असते ना, तशी. मंडईपर्यंत, पहिल्या गिअरात. थांबायचं नाही, क्लचला पाय लावायचा नाही. जो शेवटी पोचेल तो जिंकला."

धैर्यशीलराव हसतच निघाले. मिस्त्रींची जुनी गाडी मुंगीच्या पावलानं सरकत राहिली. साहेबांची मात्र बेडकासारख्या उड्या मारत कोथिंबिरीच्या ढिगापाशी बंद पडली.

मिस्त्री खिडकीतून कडाडले, "साहेब, गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार ते बघून शाफ्ट निवडायचा असतो. तुम्ही निवडलात रस्त्यावर कोण बघतंय ते बघून! आता उतरा आणि ढकला."