नावेच्या फळ्यांचा पूल

फार पूर्वी, एका नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. काठावरचा एक म्हातारा नावाडी लोकांना पलीकडे नेत असे. राजाने पूल बांधायचं ठरवलं, पण खजिना रिता होता. मग पंचांनी लोकांकडे उसनं मागितलं. लोहाराने लोखंड दिलं, एका विधवेने गळ्यातले सोन्याचे मणी दिले. नावाड्याने आपली नावच दिली. तिच्या फळ्या पुलावर बसल्या.

राजाने पुलाच्या तोंडाशी दगडावर वचन कोरून घेतलं: "पुलाची जकात आधी या लोकांची. त्यांचं देणं फिटेपर्यंत मी किंवा माझ्यामागून येणारा राजा तिला हात लावणार नाही."

पंच पूल ओलांडणाऱ्यांकडून जकात घेऊ लागले, देणं हळूहळू फिटू लागलं.

पुढे राजा वारला. त्याचा मुलगा गादीवर आला. तो मनाने उदार होता. हत्तीवरून पुलाशी येऊन तो म्हणाला, "आजपासून जकात माफ."

लोकांनी पागोटी उडवली. नावाडी मात्र हात जोडून पुढे आला.

"महाराज, दान चांगलं आहे. पण ते माझ्या ताटातलं आहे."

पुलावर उभा असलेला एक गाडीवान हसला. "म्हाताऱ्या, पैशापैशासाठी रडतोस होय?"

"अरे, माझी नाव असती तर तुला फुकट नेलं असतं. पण तू तिच्यावरच उभा आहेस."

गाडीवानाने खाली पाहिलं आणि पाय जरा बाजूला घेतला.

राजा म्हणाला, "बाबा, कायदा वडिलांचा होता. आता राजा मी आहे. मला तो बदलता येतो."

"बदला की. पुढचा पूल बांधाल, त्याला नवा कायदा लावा. मी नाव दिली ती या दगडावरच्या शब्दावर. मला नाव परत मागता येत नाही, महाराज. मग तुम्हाला शब्द कसा परत घेता येईल?"

राजा खाली उतरला. दगडावरचं वडिलांचं वचन त्याने वाचलं. मग कमरेचं नाणं काढून त्याने पंचांच्या हातावर ठेवलं.

"सगळ्यांचं फिटलं की पूल मोकळा. तोवर माझ्या हत्तीचीही जकात घ्या."

देणं फिटलं. नावाड्याने नवी नाव केली, मासे धरायला.

काही वर्षांनी डोंगरापलीकडच्या नदीवर पूल हवा होता. खजिना तेव्हाही रिताच होता. पंच मागायला गेले, तर तिथल्या नावाड्याने आपली नाव द्यायला आधीच काठावर ओढून ठेवलेली.

"अरे, वचन काय ते ऐकून तरी घे," पंच म्हणाले.

"दगडावर कोरा म्हणजे झालं," तो म्हणाला. "तुमचा शब्द मी जुन्या पुलावर चालून पाहिलाय."

तात्पर्य: लोकांनी ज्या शब्दावर आपलं दिलं, तो शब्द राजा बदलला तरी बदलू नये. तो टिकला, तरच लोक पुन्हा विश्वासाने देतात.