खुशीच्या पैशाचे पत्रे

एकदा एक विड्या वळणारी बाई भर दुपारी आपल्या गुरूच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि वर बघून ओरडली, “माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, अण्णा! घसा फाटेपर्यंत सांगत होते. कुणीसुद्धा नाही!”

वर बघून, कारण गुरू छपरावर होते. तो वृद्ध पुरुष तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून बसला होता आणि पान्याने एकेक बोल्ट सोडवत होता. त्या छपराखालच्या खोलीत वस्तीतल्या बायका संध्याकाळी अक्षरे गिरवायला बसत. पत्रे नवे होते, अजून गंजही चढला नव्हता. शहाणा माणूस छप्पर घालतो. हा उतरवत होता.

“पत्रा धर,” एवढेच ते म्हणाले.

बाईने पत्रा धरला. हात भाजला तरी धरला. पण तोंड काही बंद केले नाही. तिची सोबतीण मरून दहा दिवस झाले होते, आणि ते दुःख तिला रडून काढता येत नव्हते. तिला भांडूनच काढता येत होते.

सोबतीण म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे.

त्या वस्तीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर पान कातरत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत. हातात येईल त्यातले काही गावातल्या जुन्या पेढीत ठेवत. त्या पेढीचा एक नियम होता. पैसे ठेवायला बाई एकटी आली तरी चाले. काढताना मात्र तिच्याबरोबर तिची सोबतीण लागे. प्रत्येक खात्यावर शेजारच्या एका बाईचे नाव लिहिलेले असे. ती शेजारीण समोर उभी राहून “हो, द्या” म्हणाली तरच पेटी उघडायची. हा नियम अण्णांनीच पेढीवाल्याच्या मागे लागून घालून घेतला होता. का घातला, ते त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही, आणि चालू नियमाला कारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

मग गावात नवा व्यापारी आला. त्याने नवी पेढी थाटली. पंखे लावले, थंड पाण्याचा माठ ठेवला. “जुन्या पेढीतले खाते इकडे आणा आणि खुशीची रोख रक्कम त्याच क्षणी हातात घ्या,” असे त्याने सांगितले. शिवाय म्हणाला, “इथे कुणाला मागे घेऊन यायची गरज नाही. पैसा तुमचा, अंगठा तुमचा. तुम्ही काय लहान मुली आहात?”

तो व्यापारी लबाड नव्हता. बोलला तेवढे त्याने दिले. हेच ध्यानात ठेवायचे आहे. लबाड माणसापासून आपण जपून राहतो.

खुशीची रक्कम घेणाऱ्यांत अण्णा पहिले होते. त्यांना खोलीवर छप्पर हवे होते. जुन्या कौलांतून गळायचे, बायकांच्या पाट्या भिजायच्या. हेतू चांगलाच होता. ते गेले, आणि त्यांच्यामागून वस्ती गेली.

ही एकटीच गेली नाही. सूप काखेला मारून ती दारोदार हिंडली. “अगं बायांनो, सोबतीचा नियम सोडू नका. हातात पडणारे पैसे आठवड्यात संपतील. पुढे तुमच्या पाठीशी कोण उभी राहील?”

“आली मोठी शहाणी! दोन अक्षरं काय शिकली, पेढीवर भाषण देते.”

“जुना शेठ हिला काही देत असेल गं, म्हणून एवढी ओरडते.”

“अण्णांनी बदललं. तू अण्णांपेक्षा मोठी का?”

या शेवटच्या प्रश्नावर ती सूप सावरून पुढच्या दारी गेली. तिची स्वतःची सोबतीण, जिच्या खात्यावर हिचेच नाव होते, तीसुद्धा नव्या पेढीत गेली. घरी येऊन नव्या नोटा दाखवत हसली आणि म्हणाली, “रागावू नको गं. तुला एक लुगडं घेते यातनं.”

“घाल चुलीत तुझं लुगडं,” ही म्हणाली, आणि त्या दिवसापासून बोलायची थांबली. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोघी विड्या वळत राहिल्या. भिंतीपलीकडची कात्री थांबली, की हिला ऐकू यायचे. ही उठून गेली नाही.

सोबतिणीच्या छातीत गाठ होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात ती काढायची ठरली होती आणि पैसा साठत आला होता. नवऱ्याला पत्त्यांच्या डावातली देणी भागवायची होती. त्याने आरडाओरडा केला नाही, हात उचलला नाही. सकाळी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून तो बायकोला नव्या पेढीत घेऊन गेला आणि तिच्या मागे उभा राहिला. कारकुनाने रीतसर विचारले, “बाई, स्वखुशीने काढताय ना?” ती म्हणाली, “हो.” अंगठा उठला. गाठ छातीतच राहिली.

आता दुसऱ्या दिवशी देवळासमोर वस्तीची बैठक होती. दोष कुणाचा ते ठरायचे होते. ज्याचे नाव निघेल त्याचा शब्द यापुढे वस्तीत कुणी मानायचा नाही, असा तिथला जुना दंड होता. मृत बाईच्या बाजूने बोलायचा अधिकार सोबतिणीचा, म्हणून बोलायचे हिला होते.

“मी नवऱ्याचं नाव घेणार,” पत्रा खाली ठेवत ती म्हणाली. “नाहीतर त्या व्यापाऱ्याचं. नाहीतर त्या कारकुनाचं, मेल्याला डोळे नव्हते का? तुम्ही सांगा कुणाचं घेऊ. आणि ते छप्पर कशाला काढताय? वेड लागलं का उन्हानं?”

अण्णा शिडीवरून सावकाश उतरले. त्यांचे गुडघे भाजून लाल झाले होते. ते उतरवलेल्या पत्र्यांशेजारी जमिनीवरच बसले.

“बाई,” ते म्हणाले, “तुझ्या सोबतिणीला नवऱ्यापुढे ‘नाही’ म्हणता येत असे का?”

“कुणाला येतं?”

“बरोबर. ‘नाही’ म्हटलं की मार, नाहीतर अबोला, नाहीतर माहेरचा उद्धार. पण ‘सोबतीण आज येत नाही म्हणते’ एवढं कुठल्याही बाईला म्हणता येतं. त्यात तिचा अपराध नसतो. नवरा चिडला तर शेजारणीवर चिडेल, आणि शेजारीण तुझ्यासारखी असली तर तोच गप्प बसेल. तो नियम पैसे राखायला नव्हता. ज्या बाईला नकार देता येत नाही, तिचा नकार दुसरीच्या तोंडात ठेवायला होता. व्यापाऱ्याने खुशीची रक्कम देऊन आपली खाती नेली, असं सगळे म्हणतात. खाती काय, कुठेही असली तरी सारखीच. त्याने तो नकार विकत घेतला. आणि त्याला ठाऊकही नव्हतं, की तो काय विकत घेतोय.”

बाईने उतरवलेल्या पत्र्यांकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, “तुम्हाला ठाऊक होतं.”

“मला एकट्यालाच ठाऊक होतं. नियम मी घातला होता. तरी मी गेलो. मी पुरुष, मला सोबतीण लागत नव्हती. माझं काही जाणार नव्हतं आणि पत्रे मिळणार होते. तू दारोदार सांगत होतीस तेव्हा बायका माझं नाव पुढे करत होत्या. ते माझ्या कानावर आलं होतं. मी हेच छप्पर ठोकत होतो.”

“मग त्या नवऱ्याला मोकळा सोडू?” ती उसळली.

“नवऱ्याचं पाप उघडं आहे. ते दिसायला बैठक लागत नाही, त्याच्या दारावरून जाणारं पोरसुद्धा थुंकतं. जे नाव कुणी घेणार नाही, ते घ्यायला बैठक असते.”

“तुमचं नाव घेऊ? आणि उद्यापासून तुम्हाला कुणी विचारणार नाही, ते? तुम्हीच सांगा ना बायकांना, परत जुन्या पेढीत चला म्हणून. तुमचं ऐकतील.”

“ऐकतील. तेच भय आहे. कारण न विचारता माझ्यामागून गेल्या, तशाच कारण न विचारता परत येतील. पुढच्या वेळी मी पुन्हा चुकेन, आणि पुन्हा एखादी मरेल. माझा शब्द उतरल्याशिवाय तुझा शब्द कुणाच्या कानात शिरणार नाही.”

बाईने डोळ्याला पदर लावला. “आणि माझं? भिंतीपलीकडे होते मी.”

“तू बरोबर भांडलीस,” ते म्हणाले. “रुसलीस ते चुकलं. त्याचं तू तुझं बघ. ते मला पुसता येत नाही.” त्यांनी तिची समजूत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर सगळी वस्ती जमली. नवरा मान खाली घालून बसला होता. लोकांच्या नजरा त्याच्यावर होत्या, आणि ते सगळ्यांनाच सोयीचे होते. अण्णांना नेहमीप्रमाणे पारावर सतरंजी घातलेली होती. ते सतरंजीवर बसले नाहीत. मातीत बसले.

पंचांनी विचारले, “सोबतीण कोण? बोल, दोष कुणाचा?”

ती उठली. आदल्या दिवशी भाजलेला हात तिने पदरात लपवला. तिने आधी सोबतीचा नियम कशासाठी होता ते सांगितले. एकेका बाईच्या तोंडाकडे बघून सांगितले. बायकांच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मग तिने नियम मोडणारा पहिला माणूस कोण, ते सांगायला तोंड उघडले, आणि मागून आवाज आले, “ए, जीभ आवर!” “काय बोलते ही! देवमाणूस आहे तो!” याही वेळी कुणी विश्वास ठेवत नव्हते.

मातीत बसलेल्या वृद्धाने हात जोडले आणि तिला मान हलवून खूण केली, की सांग.

अण्णा म्हणून सांगायचे नाही, हे तिला कळले होते. ज्या नावाने वस्ती पाया पडत होती, त्या नावाला दोष चिकटला नसता. म्हणून तिने आईबापांनी ठेवलेले, सरकारी कागदावरचे, कुणाच्याच तोंडात नसलेले नाव घेतले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात घेतले:

“रंगनाथ कोंडाजी वाकचौरे.”