पंखेवाल्याचा डोझ

जज्ज थॉर्नबी साहेब भर कोर्टात, दुपारच्या वेळी खुर्चीतच डोळे मिटायचे आणि वर शिरस्तेदार आबाजींना ऐकवायचे, "तुमच्याकडे नुसती झोप! आमच्या इंग्रजीत बघा, नॅप, डोझ, स्नूझ, फॉर्टी विंक्स! मी झोपत नाही, डोझ घेतो. डोझमध्ये कान जागे असतात."

वैशाखातल्या एका दुपारी, विहिरीच्या दाव्यात वकील बोलत असताना, साहेब अशाच डोझमधून दचकून जागे झाले. दारात पंखेवाला म्हसाजी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला होता. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, पंखा मात्र चालू.

"कामावर झोपतोस? आजपासून चालता हो!"

आबाजींना वाटलं, म्हसाजीची वीस वर्षांची चाकरी गेली की एका शब्दात!

म्हसाजीनं दोरी सोडली आणि हात जोडून उभा राहिला. "झोप नव्हती साहेब, डोझ होता. वकीलसाहेब आत्ता म्हणाले, विहीर दोघा भावांची, पण खोदली थोरल्यानं एकट्यानं."

वकिलांनी नकळत मान डोलावली.

"त्याच्याआधी काय म्हणाले, ते आता साहेबांनी सांगावं. साहेबांचाही डोझच होता ना!"

आबाजींच्या हातातली लेखणी गळून पडली. वकिलांचा वासलेला आ मिटेना.

साहेबांच्या कपाळावरून घामाची धार लागली, तेव्हा कुठं त्यांनी वर पाहिलं. पंखा थांबला होता.

"म्हसाजी," साहेब हळूच म्हणाले, "दोरी बांध."