पाळीतले शिखर

हरदटोल्याच्या तलावाची पाळ मातीची आहे. फक्त मधला भाग कोरीव दगडांचा. कमळाची पाकळी, हत्तीची सोंड, एखाद्या अप्सरेचा अर्धा चेहरा, सगळे पाण्याकडे तोंड करून. पाहुण्यांना वाटते, इथे देऊळ बुडाले. देऊळ शाबूत आहे, समोरच. त्याला फक्त शिखर नाही.

असे सांगतात, की पूर्वी मळणी झाली की घरटी एक सूप धान तलावाच्या कोठ्यात पडे. उन्हाळ्यात पाळ दुरुस्त करणाऱ्यांच्या जेवणापुरताच तो कोठा उघडायचा. लग्नाला नाही, मर्तिकाला नाही, देवालाही नाही. राखण डोमाजी पाटलाकडे होती. माणूस सरळ होता. शेजारच्या गावाने देवळाला शिखर चढवले, तेवढ्यानेच वाकडा झाला.

"यंदा पाळ धडधाकट आहे," तो बायकोला म्हणाला. "धान पडून किडेल. त्यापेक्षा पाथरवट जेवतील. देवाचंच काम."

"देवानं मागितलं का?" सायत्राने विचारले.

"तुला नाही समजत."

पाटील पदरचे जेवण घालतो, असे गाव समजले. त्याने समज मोडला नाही. शिखर झाले. पाळीवर मात्र टोपलीभर माती पडली नाही. श्रावणात पाळ मधोमध फुटली, रोवलेले धान वाळूखाली गेले आणि तलाव रिकामा झाला.

डोमाजी शिव्या खायच्या तयारीने चावडीवर गेला. लोकांनी त्याला मानाने वर बसवले. "पाटील, तुम्ही शिखर बांधलं म्हणून जीव तरी वाचले," म्हातारा सोनबा म्हणाला. डोमाजीने खरे सांगायला तोंड उघडले, आणि पुढे आलेला विडा खाल्ला.

मग भेटेल तो पाया पडू लागला. पाया पडणाऱ्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. एका सकाळी डोमाजी पहार घेऊन शिखरावर चढला. खाली गाव गोळा झाले.

"अरे, पाटलाला भूत लागलं!"

"भूत नाही," तो वरून म्हणाला. "कोठा मी रिकामा केला. पाळ माझ्यामुळे फुटली. पाया पडू नका रे, मेल्याहून मेल्यासारखं होतं."

चौघांनी चढवलेले दगड त्याच्या एकट्याच्या हाताने सुटले, म्हणे. अपराधाच्या जाणिवेने अंगात बळ येते, की देवच खालून टेकू देत होता, यावर गावात दोन मते आहेत. शिखराला पहार लावली म्हणून कोणी मदतीला आले नाही. सायत्रा आली. "उचला आता," म्हणाली आणि दगडाचे दुसरे टोक धरले. पाळीचे खिंडार त्या दोघांनी शिखराच्या दगडांनी बुजवले.

कोठ्याचा आता पाणीनिधी झाला आहे आणि राखणदाराचा सरपंच. पण आजही उन्हाळ्यात पहिली टोपली पडण्यापूर्वी त्याला पाळीवर उभे करून गाव विचारते, "कोठा कोणी रिकामा केला?" त्याने "मी" म्हणायचे असते. ज्याचे हात स्वच्छ, तो खणखणीत म्हणतो. जो पुटपुटतो, त्याच्याकडे गाव तिथल्या तिथे निधीच्या पेटीची किल्ली मागते.