पिवळी पडलेली तुती

एक होता राजा, आणि राजाला होता एक हट्ट. त्याला डोंगरावरचं तुती पाखरू हवं होतं.

तुती म्हणजे चिमणीएवढंच पाखरू, बरं का. नर कुंकवासारखा लाल आणि मादी आपली मातकट, म्हणजे झुडपातल्या घरट्यात बसली की सापाला दिसायची नाही. चोच ही अशी जाडजूड, कठीण बी फोडायला. आणि राहायचं कुठं? तर पार वर, झाडांत ढग अडकतात तिथं. खाली गावात यायचं नावच नाही.

मग राजाने गोंदाला धाडलं. गोंदा त्या रानात मध काढायचा, त्याला सगळ्या वाटा ठाऊक. त्याने एक लालेलाल नर धरून आणला. राजाने त्याला चांदीच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि केशरी भात चारला. पाऊस सरला तशी पाखराची जुनी पिसं गळली, नवी आली. कशी आली? पिवळी! हळद फासल्यासारखी.

राजा संतापला. "गोंदाने रंग फासून फसवलं मला! टाका कोठडीत. पाखरू लाल होईल तेव्हाच सुटेल."

गोंदाची बायको साळू. ती पोटभर रडली, मग डोळे पुसून गढीवर गेली. म्हणाली, "महाराज, पाखरू मी सांभाळते."

आधी तिने डाळिंबाचे दाणे चारले. पाखराने दाणे फस्त केले, रंग काही आला नाही. मग तिने काय करावं? गुपचूप कुंकू कालवून पिसांना लावलं. वेडीच ती! पाखराने वाटीत अंघोळ केली, पाणी लाल आणि पाखरू पुन्हा पिवळं. राजाने ते नेमकं पाहिलं.

"अस्सं! म्हणजे नवऱ्यालाही तूच शिकवलंस?" आता गोंदा सुटायची आशाच उरली नाही.

मग तिसऱ्यांदा साळू पिंजऱ्यापाशी बसली आणि म्हणाली, "बाबा रे, आता तूच सांग." आणि पाखरू बोललं की! म्हणालं, "साळूबाई, माझ्या रानातलं मला खाऊ घाल. परक्याच्या भातावर माझा रंग कसा येईल?"

मग काय, साळू रोज डोंगर चढायची. धुक्यात, थंडीत. रानगुलाबाची फळं, गवताचं बी, कोवळे कोंब ओटीत भरून आणायची. गुडघे दुखायचे, पण थांबली नाही. पिसं काही रोज गळत नाहीत, बरं का. वर्ष गेलं. गोंदाची दाढी छातीपर्यंत आली. पुन्हा पाऊस सरला, पिवळी पिसं गळली, आणि नवी आली ती लाल! कुंकू न लावता, आणि अंघोळ केली तरी वाटीतलं पाणी स्वच्छच.

राजाने गोंदाला सोडलं. पिंजरा जवळ ओढला आणि हुकूम दिला, "उद्यापासून याला पुन्हा केशरी भात द्या. आमचं लाडकं आहे ते."

साळूने ते ऐकलं. पुन्हा भात, पुन्हा पिवळी पिसं, पुन्हा गोंदा कोठडीत! ती सरळ पुढे गेली आणि तिने पिंजऱ्याचं दार उघडलं. भुर्र! पाखरू खिडकीतून डोंगराकडे गेलं.

"अगं, काय केलंस हे?" राजा ओरडला.

"तुम्हाला ते लाल हवं होतं ना, महाराज? आता जन्मभर लाल राहील."

राजाने खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. खरंच होतं ते.

पुढं राजाला तुती बघावीशी वाटली की तो धापा टाकत डोंगर चढायचा, पुढं गोंदा वाट दाखवायला. पाखरू झुडपाच्या शेंड्यावर बसून शीळ घालायचं आणि बहुतेक वेळा राजाकडे पाठच करायचं. राजाला त्याचंही कौतुक वाटायचं.

आणि साळू-गोंदा? ते आपल्या घरी सुखात राहिले, दाराला कडीसुद्धा लावायचे नाहीत. चला, तुतीची पिल्लं केव्हाच झोपली. तुम्हीही पाय पांघरुणात घ्या.